दुधाची पिशवी धुऊ दे तिला

‘मावशी, आई ६४ वर्षांची, मधुमेही. बाबा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, दहावं-तेरावं आम्ही तिघांतच उरकलं. तेव्हापासून आई जिना उतरलेली नाही. दुधाची पिशवी साबणाने धुते, आल्यागेल्याशी जाळीच्या दारातूनच बोलते. डिसेंबरात भावाचं लग्न आहे, तर म्हणते, “मी मोबाईलवरून अक्षता टाकीन.” भाऊ चिडलाय. कसं समजावू? – एक लेक, नाशिक’

अगं, २०२० मध्ये मी कोथिंबिरीची अख्खी जुडी कपड्यांच्या साबणात बुडवली होती. ती चटणी आमच्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही. तेव्हा पिशवीवरून वाद नको. दुधाची पिशवी आपण कोरोनाच्या आधीही धुवायचोच की! हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, बंद जागेत आणि गर्दीत, एवढं तिला एकदा सांग आणि घरातल्या खिडक्या उघड.

२०२२ च्या गुढीपाडव्याला राज्याने निर्बंध उठवले, ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, हे सगळं भावाने तिला ऐकवून झालं असेल. पण आजार संपलाय असं संघटनेनेही म्हटलं नव्हतं. मधुमेही बाईने जपून राहणं यात वेडेपणा नाही. लसीचा आणखी डोस घ्यायचा का, ते तिच्या डॉक्टरांना विचारा. लग्नात मास्क लावायचा म्हणाली तर लावू दे, फोटो बिघडले तर बिघडले.

मला खरी मेख तुझ्या त्या दहाव्या-तेराव्याच्या ओळीत दिसते. एरवी माणूस गेलं की शेजारून पिठलं-भात येतो, बायका येऊन बसतात, तेच ते दहादा सांगावं लागतं. वैताग येतो, पण सांगता सांगताच ते आपल्यालाही पटत जातं. तुझ्या आईला हे कुणाला सांगताच आलं नाही. आता मांडवात सगळे एकदम भेटणार, आणि बाबांशिवाय तिला पहिल्यांदाच बघणार. शिवाय ग्रहमखाला कोण बसणार, ओवाळायला कोण पुढे होणार, हे तिच्या मनात नसेल असं मला वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. तुमच्या घरात तसा ठराव कुणी केलाय का? नसेल तर भावाने चिडण्याआधी आईजवळ बसून सांगावं, ‘वरमाई तूच, मला ओवाळायचंही तूच.’

त्याआधी आत्या, जुन्या शेजारीण, अशी तिच्या मायेची दोन-तीन माणसं एकेक करून घरी बोलाव. गच्चीवर खुर्च्या टाक, चहा दे आणि तू खाली निघून ये. बाबांचा विषय निघाला तर निघू दे, रडली तर रडू दे.

मग जिना. सकाळी सातला, फाटकापर्यंत आणि परत. छातीत धडधडलं, घाम फुटला, तर ओढून नेऊ नकोस. असं वारंवार झालं किंवा झोपच उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि लग्नाची साडी तू परस्पर आणू नकोस. दुकान उघडताच, गर्दी व्हायच्या आत तिला घेऊन जा. रंग कोणता घेतला, ते मला कळव.