बीटा लावा, पण रात्रीचा फोन जुन्याकडेच राहू द्या

प्रश्न : ताई, मी साठेक सर्व्हर सांभाळतो. त्यांच्यावर लक्ष ठेवणारी आमची मॉनिटरिंग प्रणाली जुनी आहे, पण चालते. तिच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीचा बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, आलाय. जुनी प्रणाली मेमरी इतकी खाते, की अधूनमधून ती स्वतःच रीस्टार्ट होते. नव्या आवृत्तीत मेमरीचा वापर बराच कमी केल्याचं रिलीज नोट्समध्ये लिहिलं आहे. माझा सहकारी म्हणतो, स्टेबल, म्हणजे पक्की आवृत्ती, येईपर्यंत हात लावायचा नाही. मॅनेजर म्हणतात, "मॉनिटरिंगच तर आहे, पडलं तरी ग्राहकाला काय कळणार? लावून टाक." निर्णय माझ्यावर सोडलाय. लावू की थांबू?

उत्तर : आधी उत्तर सांगते, मग कारणं. लावा, पण जुन्याच्या शेजारी. रात्री तुम्हाला उठवायचं काम जुन्याकडेच राहू द्या.

तुमच्या मॅनेजरांचं म्हणणं खरं आहे, आणि मला भीती नेमकी त्याचीच वाटते. वेबसाइट पडली की काही मिनिटांत कुणीतरी ओरडतं. मॉनिटरिंग पडलं की ओरडणारेच गप्प होतात, आणि सगळं ठीक असलेली रात्र अन् काहीच न दिसणारी रात्र बाहेरून अगदी सारखी वाटते. बीटा धाडकन कोसळेल का, याची मला फारशी काळजी नाही, कारण कोसळलेलं लक्षात येतं. तो चालू असताना गप्प बसेल का, ही माझी काळजी.

हे घडतं कसं, ते सांगते. प्रणालीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून उदाहरणं बहुतेकांच्या ओळखीच्या प्रोमिथियस या मॉनिटरिंग प्रणालीची देते. त्याच्या जोडीला सर्व्हरची माहिती पुरवणारा नोड एक्स्पोर्टर असतो. २०१८ मध्ये त्याची ०.१६ आवृत्ती आली आणि तीत कितीतरी मेट्रिकची, म्हणजे मोजमापांची, नावं बदलली. ‘नोड_सीपीयू’चं ‘नोड_सीपीयू_सेकंड्स_टोटल’ झालं, मोकळ्या डिस्कच्या मेट्रिकच्या शेवटी ‘बाइट्स’ लागलं. बदल योग्य होता आणि रीतसर जाहीरही केलेला होता. पण ज्यांचे अलर्टचे नियम जुन्या नावांवर लिहिलेले होते, त्यांचं काय? नियम वैध, चूक कुठेही नाही, लाल अक्षर नाही. त्या नावाचं मेट्रिकच उरलं नाही, म्हणून नियमाचं उत्तर रिकामं, आणि रिकाम्या उत्तरावर अलर्ट वाजत नाही. डिस्क भरत जाते आणि नियम निवांत असतो. शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्तीत कधीही काहीही बदलू शकतं, असं सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्तींना क्रमांक देण्याच्या पद्धतीचा नियमच सांगतो. बीटालाही हेच लागू धरा. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक मेट्रिकसाठी ‘हे मेट्रिक येतच नाहीये’ असा वेगळा नियम लिहा. प्रोमिथियसमध्ये त्यासाठी ‘ॲबसेंट’ नावाचं फंक्शन आहे. ते फार कमी लोक वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचा सहकारी. त्याची सावधगिरी मला आवडते, पण ‘स्टेबल’ या शिक्क्यावर त्याने सगळा भार टाकलाय. २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत तो पोचला. ते अपडेट अधिकृत होते, त्यांच्यावर कंपनीची डिजिटल सही होती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. ते सुरक्षेचं सॉफ्टवेअर, पण तेही प्रत्येक यंत्रावर बसणाऱ्या एजंटचंच, म्हणजे तिथेच राहून काम करणाऱ्या प्रोग्रामचंच. यांतलं काहीही बीटा नव्हतं. दोन्हीकडे खरा प्रश्न होता तो त्या सॉफ्टवेअरच्या हाती किती अधिकार आहेत याचा, आणि नवी गोष्ट सगळीकडे एकदम पोचण्याचा.

म्हणून बीटाचे दोन भाग वेगळे करून पाहा. एक, माहिती गोळा करून साठवणारा मधला सर्व्हर. दुसरा, साठ यंत्रांवर बसणारे एजंट. मधल्या सर्व्हरवर बीटा लावायला माझी हरकत नाही. तो बिघडला तर एकच यंत्र बिघडेल. एजंट मात्र स्टेबलच ठेवा. रूट म्हणून (सगळ्या अधिकारांनिशी) चालणारा किंवा कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) शिरणारा बीटा एजंट ग्राहकांच्या कामाच्या एकाही सर्व्हरवर लावू नका, मग त्यात कितीही चांगली सोय असो. बहुतेक वेळा तो लावावाही लागत नाही. प्रोमिथियसमध्ये एक्स्पोर्टर आणि सर्व्हर मुळातच वेगळे असतात. झॅबिक्स या दुसऱ्या मॉनिटरिंग प्रणालीचा नवा सर्व्हर जुन्या एजंटशी व्यवस्थित बोलतो.

यानंतरची गोष्ट परतीच्या वाटेची. बीटा नको झाला तर मागे येता येईल का, हे लावायच्या आधी पाहायचं. झॅबिक्सचा नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताच डेटाबेसची रचना बदलून टाकतो. तिथून मागे यायचं तर आधीचा बॅकअपच हवा. प्रोमिथियसची २.० आवृत्ती २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा साठवणुकीची पद्धतच नवी होती. १.x चा जुना डेटा तिला थेट वाचता येत नव्हता, म्हणून जुना सर्व्हर शेजारी चालू ठेवून त्यातून वाचावं लागलं. ३.० ने लिहिलेला डेटा २.५५ च्या आधीची कुठलीच आवृत्ती वाचू शकत नाही. म्हणजे २.४० वरून थेट ३.० वर उडी मारली तर परतताना निदान २.५५ वर उतरावं लागतं. अशा ओळी रिलीज नोट्समध्ये तळाशी असतात, मेमरी कमी झाल्याची बातमी वर असते. तळापासून वाचायला सुरुवात करा. आणि बीटाला जुन्याच डेटाच्या फोल्डरकडे कधीही बोट दाखवू नका. त्याला त्याचं कोरं फोल्डर द्या.

आता मेमरी. पत्रातला हा भाग वाचून मी थांबले, कारण त्यावर बीटा हे औषध असेलच असं मला वाटत नाही. मेट्रिकला लावलेल्या लेबलांच्या (ओळखीच्या खुणांच्या) प्रत्येक नव्या जुळणीची एक नवी मालिका, म्हणजे आकड्यांची वेगळी नोंद, तयार होते. कुणी एखाद्या लेबलात ग्राहकाचा क्रमांक, रिक्वेस्टचा आयडी किंवा पूर्ण यूआरएल घातला, की मालिका लाखांत जातात आणि मेमरी तिथेच संपते. नवी आवृत्ती प्रत्येक मालिकेमागे थोडी कमी मेमरी घेईल, पण मालिका वाढतच राहिल्या तर काही आठवड्यांनी तुम्ही पुन्हा याच जागी असाल. प्रोमिथियस असेल तर त्याच्या स्टेटस मेनूत टीएसडीबी स्टेटस नावाचं पान आहे. सर्वाधिक मालिका कुठल्या मेट्रिकच्या आणि सर्वाधिक वेगवेगळी मूल्यं कुठल्या लेबलाची, हे तिथे उतरत्या क्रमाने दिसतं. वरची दोन-तीन नावं पाहा आणि ते लेबल टाकणाऱ्या टीमला जाऊन भेटा. ते लेबल काढून अडचण मिटली, तर बीटाची घाईच उरत नाही आणि स्टेबलसाठी शांतपणे थांबता येतं. हे बीटा लावायच्या आधी करा.

तरीही लावायचा ठरला, तर दोन्ही समांतर चालवा. प्रोमिथियससारख्या प्रणालीत सर्व्हर स्वतः जाऊन माहिती ओढून आणतो. त्यामुळे दुसरा सर्व्हर त्याच यंत्रांकडे वळवला की काम झालं, यंत्रांवर काही बदलावं लागत नाही. फक्त एक्स्पोर्टरना दुप्पट वेळा उत्तर द्यावं लागेल, तेवढं ध्यानात ठेवा. बीटाचे अलर्ट वेगळ्या चॅनेलवर जाऊ द्या. रोज सकाळी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. जुनं वाजलं आणि नवं वाजलं नाही, तर कारण सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवं वाजलं आणि जुनं गप्प राहिलं, तर तेही तितक्याच बारकाईने पाहायचं. कधी कधी जुन्यातलं भोक असंच सापडतं.

मुदत कॅलेंडरवर ठरवू नका, प्रसंगांवर ठरवा. महिनाअखेरीचा ताण, बॅकअपची रात्र, सर्टिफिकेट बदलणं, मॉनिटरिंग सर्व्हर मध्येच रीस्टार्ट होणं, हे सगळं त्या काळात येऊन गेलं पाहिजे. जे आपोआप येत नाही ते मुद्दाम घडवा. चाचणीच्या यंत्राची डिस्क भरा, एखादी सर्व्हिस बंद करा, नेटवर्क तोडा. शिवाय सतत वाजत राहणारा एक अलर्ट ठेवा. त्याची नोंद पूर्णपणे बाहेरच्या, वेगळ्या यंत्रणेकडे जावी, आणि तो यायचा थांबला की त्या यंत्रणेने तुम्हाला फोन करावा. अनेक ठिकाणी त्याला वॉचडॉग म्हणतात. हा अलर्ट जुन्या प्रणालीवरही नसेल, तर आजच लावा. बीटाचं काय ते नंतर ठरवा.

एक मागणी मात्र आहे. बीटा लावणार असाल तर त्यात सापडलेल्या चुका बनवणाऱ्यांना कळवा. आवृत्ती क्रमांक, कॉन्फिगरेशन, नेमकं काय केल्यावर काय झालं, हे सगळं लिहून पाठवा. बीटा त्यासाठीच बाहेर येतो. साठ यंत्रांचा खरा भार त्यांच्या प्रयोगशाळेत नसतो, तुमच्याकडे आहे.

सहकाऱ्याला सांगा, स्टेबल आली त्याच दिवशी लावायचा आग्रह नको. शेवटच्या आरसीत (रिलीज कँडिडेट, म्हणजे स्टेबलच्या अगदी आधीची चाचणी आवृत्ती) आणि ‘.०’ आवृत्तीत बऱ्याचदा फारसा फरक नसतो. ‘.१’ किंवा ‘.२’ येऊ द्या, तोवर तुमच्या समांतर नोंदीही तयार असतील. त्या हातात घेऊन दोघे बसा आणि जुन्याचा फोन नव्याकडे कधी द्यायचा, ते तेव्हा ठरवा.

प्रश्न : वरच्यासारखीच परिस्थिती, पण आमच्याकडे दोन्ही शेजारी चालवायला यंत्र नाही आणि ऑन-कॉलवर (रात्री-अपरात्री अलर्टचा फोन घ्यायला) मी एकटीच आहे. तरी बीटा लावावा का?

उत्तर : नाही. थांबा. एकट्या माणसाने रात्रीची झोप आणि नव्या सॉफ्टवेअरची परीक्षा एकाच वेळी सांभाळू नये. उत्सुकता असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहा आणि अलर्टचे नियम नव्या आवृत्तीवर तपासून ठेवा. प्रोमिथियसचं ‘प्रॉमटूल’ नियमांच्या चाचण्या सर्व्हरशिवायही चालवतं. तेवढी तयारी झाली की स्टेबल येईल तेव्हा तुमचं निम्मं काम आधीच झालेलं असेल.