डांबरी वाटेची दुरुस्ती: दर विचारण्याआधी मोजमाप

प्रश्न : फाटकापासून खळ्यापर्यंत आमची १२० फूट लांब आणि १० फूट रुंद डांबरी वाट आहे. वरच्या बाजूला गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) जाळीसारख्या भेगा पडल्यात, खालच्या टोकाला दोन खड्डे आहेत, मध्ये लांबच लांब चिरा गेल्यात. एक ठेकेदार सगळीकडे नवीन कारपेट (खडी-डांबराचा थर) आणि वर सील (बारीक खडी-डांबराचा पातळ लेप) करायचे चौरस फुटाला ८५ रुपये, म्हणजे १ लाख २ हजार सांगतो. दुसरा म्हणतो, नुसतं सील मारू, स्वस्तात होईल. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. आधी खडू, टेप आणि पहार घेऊन वाटेवर एक फेरी मारा. जाळी पडलेल्या जागेभोवती खडूने चौकोन आखा आणि मधोमध पहारीने ठोका. पापुद्रा सहज सुटला आणि खालची लाल माती ओलसर, बोटाला चिकटणारी निघाली, तर तिथला पाया गेला. अशा जागी सील म्हणजे नुसता मुलामा. २० मिलीमीटरच्या कारपेटनेही भागत नाही; एका-दोन पावसाळ्यांत खालची जाळी जशीच्या तशी वर उमटते.

जाळी गडग्यालगतच का पडली, हे त्या ठेकेदारांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. तीन हजार मिलीमीटरच्या घरातला पाऊस जांभ्यातून झिरपत उताराने खाली येतो आणि गडग्याखालून वाटेच्या पोटात शिरतो. वरून टेम्पोचं चाक गेलं की भिजलेल्या पायातलं पाणी भेगांतून वर दाबलं जातं आणि येताना माती घेऊन येतं. जुलैत भेगांच्या कडेला लालसर गढूळ पाणी दिसत असेल, तर दुसरा पुरावा शोधायला नको. म्हणून अंदाजपत्रकातली पहिली ओळ डांबराची नाही, चराची: वरच्या अंगाला १२० फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट खोल. ही १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खोदाई झाली. चराचा तळ वाटेच्या पायापेक्षा खाली हवा आणि त्याला खालच्या टोकाला मोकळं तोंड हवं. हे काम गावातले गडी करतात, ठेकेदार लागत नाही. गडग्याच्या पायाला मात्र चर चिकटवू नका, दगड सुटतील.

आता पाया गेलेल्या चौकोनांची बेरीज करा. समजा, खड्डे धरून ६० चौरस फूट भरली. तिथे ६ इंच खोल सरळ उभ्या कडांनी कापायचं. ४ इंच खडी-मुरूम दाबून भरायला दाबलेला २० घनफूट माल लागतो. सैल माल दाबल्यावर बसतो, म्हणून २७ घनफूट मागवा. वरच्या २ इंचांना १० घनफूट डांबरी मिश्रण लागेल. दाबलेलं मिश्रण घनमीटरला साधारण २,३०० किलो भरतं, त्या हिशेबाने हे ६५० किलो. मिश्रण नेहमी वजनावर घ्या. सैल ढीग मोठा दिसतो आणि घमेल्यांच्या हिशेबात माणूस फसतो.

कडांना आणि तळाला आधी इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा, हात मारतात. ते तपकिरी असतं. त्यातलं पाणी सुटलं की काळं होतं. तपकिरी दिसतंय तोवर वर माल टाकू देऊ नका. घाईत टाकलेला ठिगळ कडेने सुटतो तो इथेच.

एकट्या लांब भेगा फुटांत मोजा. १० मिलीमीटर रुंद आणि २५ मिलीमीटर खोल भेग मीटरला पाव लिटर इमल्शन पिते. १०० फुटांना सुमारे ७.६ लिटर होतात, १० धरा. इमल्शनमधलं पाणी उडून ते खाली बसतं, तेव्हा दुसरा हात लागणारच. त्याआधी भेगेतली माती आणि गवताची मुळं तारेच्या ब्रशने काढलेली हवीत.

राहिलं सील. तुमची वाट १,२०० चौरस फूट, म्हणजे साडेएकशे अकरा चौरस मीटर. कच (बारीक खडी) आणि डांबर आधी कालवून पसरायच्या सीलला १० चौरस मीटरला ६.८ किलो डांबर आणि ०.०६ घनमीटर कच लागते. तुम्हाला ७६ किलो डांबर आणि पाव ब्रासला थोडी कमी कच पुरेल. तुलनेसाठी २० मिलीमीटर कारपेटचा हिशेबही पाहा: १० चौरस मीटरला १४.६ किलो डांबर आणि ०.२७ घनमीटर खडी. पूर्ण वाटेला १६३ किलो डांबर आणि ब्रासभराहून किंचित जास्त खडी.

म्हणजे पहिल्या ठेकेदाराच्या कामात कारपेट आणि सील मिळून २३९ किलो डांबर आणि १.३ ब्रास खडी-कच जाते. उदाहरणापुरतं डांबर किलोला ७० आणि खडी ब्रासला ५,००० धरली, तर १६,७३० अधिक ६,५०० मिळून २३,२३० रुपये. तुम्ही तुमच्या बाजारातले दर घाला. टॅक कोटचं, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून खाली मारायचं इमल्शन यात नाही, ते फार नसतं. उरलेल्या रकमेत मजुरी, रोलरची ने-आण, सरपण, वाहतूक आणि नफा. छोट्या कामात हा भाग मोठाच असतो, त्यात गैर काही नाही. पण पाया उकरणं त्या ८५ रुपयांत आहे का, जाडी दाबल्यानंतरची आहे का आणि जीएसटी धरलाय का, ही तीन उत्तरं कागदावर घ्या. ‘पाऊण इंच’ असं नुसतं तोंडी सांगितलं, तर ते सैल मालाचं निघतं.

तुमच्यासाठी आमचं मत: चर, ६० चौरस फुटांचे ठिगळ, भेगा आणि मग सगळीकडे सील. कारपेट आत्ता नको. काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो सुरू झाल्यावर ताज्या सीलवर चाकं वळली की कच सोलून निघते.

जाता जाता एक: ‘हायवेच्या कामाचा माल उरलाय, स्वस्तात टाकून देतो’ म्हणत कुणी दारात आला, तर त्या मालावर हात धरून पाहा. कोमट झालेलं मिश्रण कितीही रोलर फिरवला तरी बसत नाही. ते सैल करायला डिझेल ओतलेलं असेल, तर वास येतोच.

प्रश्न : परदेशी व्हिडिओंत बादलीतून काळा सीलर ओतून रबरी फावड्याने पसरवतात. तसं घरीच केलं तर?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तो पातळ थर असतो. बारीक, केसासारख्या भेगांपुरता तो ठीक. ३ मिलीमीटरच्या वरची भेग त्याने भरत नाही. थंड मुलुखात भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि डांबर फोडतं, म्हणून तिकडे त्याचं एवढं कौतुक. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. फणस-काजूच्या सावलीतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर श्रावणापर्यंत शेवाळ धरतं आणि चढावर दुचाकी घसरते. इकडे वर खरखरीत कच हवीच. खाऱ्या वाऱ्याची धास्ती बाळगू नका. तो लोखंड खातो. डांबराला वाळवतं ते ऊन.

प्रश्न : मागच्या वर्षी सील केलं. मे महिन्यात दुपारी डांबर वर येतं, चपला चिकटतात. पुन्हा सील करावं का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : मुळीच नको. डांबर जास्त झालं म्हणूनच ते वर आलंय. आणखी घातलं तर चिखल होईल. भर दुपारी, डांबर मऊ असताना, कोरडी धुतलेली कच पातळ पसरा आणि गाडी हळूहळू पुढे-मागे फिरवून ती दाबून घ्या. सलग तीन-चार दुपारी असंच करा. सुटी कच खराट्याने गोळा करून पुन्हा वापरता येते. समुद्राची रेती घेऊ नका. ती फार बारीक असते, चिकट लगद्यात नाहीशी होते.