इफ्फी आणि गिग: पहिल्या वर्षी एवढंच कर

तू पणजीला इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पहिल्यांदा जाणार आणि इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे गाणी करणारा) बँडही प्रत्यक्ष ऐकणार, हे वाचून फार आनंद झाला! २००४ पासून महोत्सव गोव्यात भरतो. तिथली नेहमीची चूक म्हणजे दिवसाला पाच सिनेमे. मीही केलीय, रात्री एकही नीट आठवेना. तीन पुरे. मधल्या वेळात मांडवीच्या काठाने चक्कर मार, पाहिलेलं मुरू दे.

गिगचं, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाचं, म्हणशील तर:

- मुख्य बँडच्या वेळेला जाऊ नकोस, त्याच्या आधी वाजवणाऱ्या बँडसाठी जा. समोर जेमतेम वीस-पंचवीस माणसं असतात. गिटारवरची बोटं दिसतात, तार तुटली तर ती बदलेपर्यंत गायिका आपल्याशी गप्पा मारते. मला हेच सगळ्यात आवडतं.
- स्पीकरला चिकटू नकोस. मिक्सरवर (आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर) बसलेल्या साउंड इंजिनियरच्या जवळपास उभं राहा. तो त्याला तिथे जसं ऐकू येतं त्यावरूनच आवाज जुळवतो. कानात फोमचे इअरप्लग हवेतच.
- एक गाणं रेकॉर्ड कर, मग फोन खिशात.

बँड आवडला तर निघताना त्यांचा टी-शर्ट घे आणि कुठलं गाणं भिडलं ते त्यांना सांग. सिनेमातला कॅमेरा, साउंड डिझाइन वगैरेबद्दल पुढच्या वर्षी बोलू.