वाचकांचे प्रश्न: आधी भिंत, मग स्मार्ट बोर्ड

प्रश्न: आमच्या शाळेच्या चार खोल्या जुन्या आहेत. दगड-मातीच्या भिंती, वर पत्रे. एप्रिलात आत बसवत नाही, बोअर आटतो. लोकवर्गणीतून सोलर आणि स्मार्ट बोर्ड घ्यायचं चाललंय. सुरुवात कशापासून करावी?
— शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, ता. कळंब, जि. धाराशिव

उत्तर: भिंतींपासून. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी परिसरात अशाच भिंती कोसळल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये मातीचा भराव आणि दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादऱ्याने थर फुगून सुटतात.

भिंतीला कुठे पोट आलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, हे अभियंत्याकडून बघून घ्या. पोट आलेला भाग उतरवून पुन्हा बांधावाच लागतो, गिलाव्याने झाकू नका. बाकी भिंतीत साधारण मीटर-मीटरवर दगड हलकेच सैल करून आरपार भोक काढतात. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिमी सळई ठेवून काँक्रीट भरतात आणि दहा दिवस पाणी मारतात. घणाचे घाव घालायचे नाहीत, शेजारचे दगड निखळतात. दगडांमधले सांधे (दरजा) भरायला चुनाच वापरा. सिमेंटच्या गिलाव्यात ओल अडकते आणि पुढे पोपडे पडतात.

उकाड्यासाठी पत्र्याला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, खाली हवेची फट ठेवून छत करा आणि दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवा. फट बंद केली तर छत घालून उपयोग नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे: १ चौ. मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. छप्पर १८० चौ. मीटर धरलं, तर ७०० मिमी पावसात गळती-नासाडी वजा जाता लाखभर लिटर मिळतं. पहिल्या सरीचं पाणी धूळ-विष्ठेसकट बाहेर सोडा, मगच गाळणीतून टाकीत घ्या. पाणी जमिनीत मुरवायचा पुनर्भरणाचा खड्डा मात्र इमारतीच्या पायापासून लांब हवा. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि भिंत तडकते.

आता सोलर. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजपुरवठ्याला जोडलेली यंत्रणा लाइट गेली की बंद पडते, ऊन कितीही असो. आपल्याकडे लाइट वारंवार जात असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि लाइट तिन्हींवर चालणारा) घ्या. २ किलोवॉटला दिवसाला आठेक युनिट मिळतात. पॅनेल छपराच्या जुन्या कैच्यांवर (पत्रे पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर) न चढवता अंगणात स्वतंत्र सांगाड्यावर बसवा.