न्हाणीघरातील आधारदांडी : जागा कशी ठरवावी?

प्रश्न : माझ्या आईचे वय ७६ आहे. अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेल्यापासून तिच्या डाव्या हाताची पकड कमजोर झाली आहे आणि गुडघेही दुखतात. बाथरूमसाठी आम्ही स्टीलच्या दोन आधारदांड्या आणल्या आहेत. एक कमोडच्या मागच्या भिंतीवर आणि दुसरी टॉवेलच्या दांडीच्या जागी, तिचीच भोके वापरून, बसवावी असे प्लंबरचे म्हणणे आहे. हे योग्य होईल का?

उत्तर : कृपया या दोन्ही जागी दांडी बसवू नका. भिंत कुठे मोकळी आहे यावरून ही जागा ठरत नाही. उठता-बसताना आईचा हात कुठे जातो, यावरून ती ठरते. कमोडवरून उठताना माणूस आधी पुढे झुकतो आणि मगच वर येतो, त्यामुळे पाठीमागच्या दांडीचा नेमक्या त्या क्षणी काहीच उपयोग होत नाही.

ड्रिल सुरू करण्यापूर्वी एक सोपी गोष्ट करावी. फरशी कोरडी असताना आईंना कमोडवर दोन-तीन वेळा बसायला आणि उठायला सांगावे आणि आपण शेजारी उभे राहावे. गुडघे सकाळी अधिक आखडलेले असतात, म्हणून हे शक्यतो सकाळीच करावे. त्यांचा तळवा आधारासाठी जिथे टेकतो आणि पूर्ण उभे राहिल्यावर जिथे पोहोचतो, त्या दोन्ही ठिकाणी रंगीत चिकटपट्टीची खूण करावी. आडवी दांडी दाबून उठण्यासाठी असते आणि ती बैठकीपासून साधारण २० सेंटीमीटर वर अनेकांना सोयीची पडते. उभी दांडी तोल सावरण्यासाठी असते आणि ती कमोडच्या पुढच्या कडेच्याही थोडी पुढे हवी. तरीही माझ्या आकड्यापेक्षा आपल्या खुणेवर अधिक विश्वास ठेवावा.

आपल्या आईंच्या बाबतीत बाजूचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आधार उजव्या हाताला मिळायला हवा, आणि उजवी बाजू त्या कमोडवर बसलेल्या असतानाची धरायची. समोर उभे राहून खूण केली तर ती हमखास उलट बाजूला पडते. त्या बाजूला भिंत नसेल किंवा ती लांब असेल, तर मागच्या भिंतीला बसणारा, वर-खाली दुमडता येणारा दांडा मिळतो, तो घ्यावा. शॉवरच्या जागेत आत जाताना उजवीकडे असलेली दांडी बाहेर येताना डावीकडे येते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून तिथे प्रवेशाच्या दोन्ही बाजूंना एकेक उभी दांडी असावी, आणि त्यासाठी आणखी दांड्या आणाव्या लागल्या तरी त्यात काटकसर करू नये. तिरपी दांडी मी सुचवणार नाही, कारण साबणाचा ओला हात तिच्यावरून खाली घसरतो.

टॉवेलची दांडी टॉवेलपुरतीच मजबूत असते आणि तिची भोकेही तशीच असतात. अमेरिकेच्या सुगम्यता-मानकात आधारदांडीने सुमारे ११३ किलोचा भार पेलावा अशी अपेक्षा आहे. तो भार टाइलने नव्हे, तिच्यामागच्या भिंतीने पेलायचा असतो. त्यामुळे स्क्रू पक्क्या विटांपर्यंत किंवा काँक्रीटपर्यंत गेले पाहिजेत. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर तिच्यासाठीचे वेगळे अँकर लागतात, आणि आतून गेलेले नळ व वायरी कुठे आहेत हे आधी पाहून घ्यावे. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्या पूर्वसूचना न देता सुटतात. त्यांच्यावर शरीराचे वजन कधीही टाकू नये.

दांडीची जाडी ३२ ते ३८ मिलीमीटर आणि भिंतीपासूनचे अंतर सुमारे ३८ मिलीमीटर असावे. अंतर फार जास्त असले तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकू शकतो. बसवून झाल्यावर आईंनी वापरण्यापूर्वी आपण स्वतः पूर्ण वजन टाकून ती ओढून पाहावी, आणि किंचितही हलली तर स्क्रू आवळून भागवू नये, नवी भोके पाडून ती पुन्हा बसवून घ्यावी.