पिंगळ्याच्या कंदिलात रॉकेल किती?

प्रश्न : गेममधल्या पात्राचं नाव आधी ठरवावं का? आमच्या ग्रुपचे दोन आठवडे नावातच गेले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन आठवडे! अहो, निन्टेंडो कंपनीच्या १९८१च्या 'डाँकी काँग' या गेममध्ये आज ज्याला आपण मारिओ म्हणतो त्याला आधी नुसतं 'जंपमॅन' म्हणत होते. उडी मारतो म्हणून जंपमॅन, विषय संपला. 'मारिओ' हे नाव कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून पडलं. तुमचं पात्र काय करतं ते एका क्रियापदात सांगता येत असेल, तर तूर्त त्यालाच नाव समजा आणि कामाला लागा.

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन मित्रांसोबत गेम करतोय. नायक पिंगळा, म्हणजे पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणारा. बाज भयकथेचा, पण तालावर खेळायचा भाग आहे, थोडी हेरगिरी आहे आणि साय-फायसुद्धा. म्हणून त्याला धोतर-मुंडासं, एका डोळ्यावर यांत्रिक भिंग, पाठीवर जेटपॅक आणि हातात कंदील दिलाय. १४ चित्रं झाली. मित्र म्हणतात, गॅदरिंगचा फॅन्सी ड्रेस वाटतो. काय चुकतंय? चित्रं सोबत पाठवतोय.

उत्तर : तुझी चौदाही चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडली होती, घरच्यांनी त्या दिवशी ताटं मांडीवर घेऊन जेवण उरकलं. हात चांगला आहे तुझा. मुंडाशाचे पीळ तर फारच छान. पण मित्र खोटं बोलत नाहीयेत.

हीच चूक मी २००९मध्ये पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओत केली होती. माझा बहुरूपी होता, त्याला वाफेवर चालणारा लोखंडी हात. तीन आठवडे खपून मी त्या हाताचा एकेक खिळा रंगवला. आमच्या टीमच्या लीडने, म्हणजे प्रमुखाने, फाइल उघडली, सगळं चित्र काळ्या रंगाने भरून टाकलं, अंगठ्याच्या नखाएवढं केलं आणि शेजारून चाललेल्या अकाउंटंटला विचारलं, "हा कोण?" ते म्हणाले, "सिलिंडरवाला?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि मग बघितलं तर खरंच सिलिंडरवाला दिसत होता.

ती काळ्या रंगाची परीक्षा तू आज संध्याकाळीच घे. 'टीम फोर्ट्रेस २' (२००७) या गेममध्ये नऊ प्रकारचे लढवय्ये आहेत आणि नऊच्या नऊ नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतात, कारण समोरून कोण येतंय हे खेळणाऱ्याला क्षणात कळावं लागतं. तुझा पिंगळा काळा केला की जेटपॅकमुळे दप्तर घेतलेला शाळकरी पोरगा दिसतो. मी करून पाहिलं.

पण बाह्यरेषा सुधारून तुझं दुखणं बरं होणार नाही. तू प्रकार वस्तूंत वाटून टाकलेस : धोतर लोककथेचं, कंदील भयकथेचा, भिंग हेरगिरीचं, जेटपॅक साय-फायचं. एका खुंटीला चार सदरे टांगले म्हणून त्यांचा एक सदरा होत नाही. प्रकार एकत्र येतात ते खेळणाऱ्याच्या बोटांत. 'क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर' (२०१५) खेळून बघ. तळघरात राक्षस मारत हिंडायचं, पण प्रत्येक पाऊल गाण्याच्या ठोक्यावर पडलं पाहिजे, राक्षसही ठोक्यावरच हलतात. चालायचं बटण तेच, नाचायचंही तेच. दोन खेळ एका बटणावर भांडतायत, म्हणून मजा आहे.

आता तुझा माणूस बघ. माझ्या आजोळी, फलटणजवळ, पिंगळा यायचा तो उजाडायच्या आत. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात कुडमुडं, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य. त्याला पिंगळा पक्ष्याची बोली कळते म्हणायचे, आणि तो दारात उभा राहून पुढचं सांगायचा. आजी सुपातून जोंधळे घालायची आणि आम्ही पोरं गोधडीत डोळे मिटून, कान उघडे ठेवून पडायचो. काळोख, ताल, गुपित, भविष्य. अरे, तुझे चारही प्रकार त्याच्याकडे आधीपासूनच आहेत, तू वरून जेटपॅक कशाला लादतोस?

उदाहरण म्हणून सांगते, तसंच्या तसं घेऊ नकोस. समज, त्याच्या कंदिलाचा उजेड जिथे पडतो तिथलं उद्याचं दिसतं. अंगण उजळलं की उद्याचं अंगण, त्यात उद्या कोण रडतंय तेही. पण त्या वर्तुळातलं आजचं मात्र दिसत नाही, आणि जे काही त्याच्या मागावर आहे ते आजच्या अंधारात आहे. झाली की नाही भयकथा? साय-फायही आलं, एक तार न जोडता. कुडमुडं तालात वाजवलं तर पक्षी बोलतो, म्हणजे हेराला धागा मिळतो. ताल चुकला तर गाव जागं होतं आणि 'ते' जवळ येतं. वाजवावं की गप्प राहावं, वात वाढवावी की विझवावी, हे खेळणाऱ्याने दर दारात ठरवायचं. मग तुला पहिला खरा प्रश्न पडेल : कंदिलात रॉकेल किती? चार दारांपुरतं की चाळीस? त्या आकड्यावर माणूस बदलतो. चाळीस दारांचं असेल तर तो ऐटीत चालेल. चारच दारांचं असेल तर वात मुठीने झाकत, भिंतीला धरून.

कोडिंग अजून नको. बुद्धिबळाचा पट घे, पिंगळा म्हणून एक सोंगटी, उजेड म्हणून डब्याचं झाकण. एका मित्राने टेबलावर ठेका धरायचा, दुसऱ्याने 'ते' व्हायचं. रॉकेल म्हणून शेंगदाणे ठेव, दर दाराला एक खायचा. (आमच्याकडे टेस्टरने पहिल्याच फेरीत सगळे खाल्ले होते, तेव्हा मोजून दे.) कंटाळा कुठे येतो ते लिहून ठेव.

आणि एक. पिंगळा हा कल्पनेतला प्राणी नव्हे, आजही त्यावर पोट असलेली माणसं आहेत. कुणी भेटलं तर बसून ऐक, विचारून मगच रेकॉर्ड कर, आणि त्यांच्या वेळेचे पैसे दे. भयकथा म्हणून त्यालाच भूत करू नकोस, तेवढं सोपं काम कुणीही करेल.

चित्रं परत पाठवतेय. नऊ नंबरच्या कागदामागे तू पेन्सिलीने काहीतरी खरडलंयस, बहुतेक फोनवर बोलता बोलता. वाकलेला माणूस, कंदील घोंगडीआड धरलेला, फक्त पायाजवळ उजेड. त्याच्यावर मी लाल गोल केलाय. जेटपॅकवाला नको, मला हा पाठव, याची वीस चित्रं.