मेकअपचं विचारा : दाढीची निळी छटा, रुंद जबडा आणि आत्याचा चेहरा

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची. वय २४. कागदोपत्री मुलगा, मनाने कायमचीच मुलगी. सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते, तिथे अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. संक्रांतीला कोल्हापूरच्या मैत्रिणीकडे संध्याकाळी हळदीकुंकू आहे आणि मी पहिल्यांदाच काळी साडी नेसून चारचौघींत जाणार आहे. घरी मेकअप करून पाहिला. फाउंडेशनवर फाउंडेशन थापलं तरी दाढीच्या जागी चेहरा राखाडीच दिसतो. जबडा माझ्या आत्यासारखा रुंद, भुवयांवरचं हाड पुढे आलेलं. व्हिडिओत बघून गालाखाली तपकिरी पट्टे ओढले, तर चेहरा आणखीच राकट झाला. कुठून सुरुवात करू?

उत्तर : जबडा आत्यासारखा आहे, हे तू पत्रात सहज लिहून गेलीस, पण माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात कामाचं आहे. आत्याचा एक जवळून काढलेला फोटो घे आणि निवांत बघ. तिच्या भुवया हाडावर आहेत की हाडाच्या वर? केस कानावरून कसे येतात? कुंकू कुठे लावते, कानात काय घालते? रुंद जबड्याची बाई कशी दिसते याचा नमुना तुझ्या घरातच आहे. जबडा पुसून टाकायचा हट्ट धरलास की रंग चढत जातो आणि लोकांची नजर नेमकी तिथेच जाते. मी स्वतः याच वाटेने आले आहे, आणि आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला हेच सांगते : रंग कमी, जागा अचूक.

आता राखाडीपणाचं. दाढी कितीही गुळगुळीत केली तरी कातडीखाली केसांची काळी मुळं राहतातच आणि वरून ती निळसर दिसतात. त्यावर फिकट फाउंडेशन लावलं की निळं आणि फिकट मिळून राखाडी होतं. म्हणून कितीही थर दे, उपयोग नाही. निळ्याला मारतो तो नारिंगी. तुझा रंग गव्हाळ असेल तर पीचकडे झुकणारा नारिंगी करेक्टर (फाउंडेशनच्या खाली लावायचा रंग) घे, सावळा असेल तर गडद, लालसर नारिंगी. वेगळा करेक्टर घ्यायचा नसेल तर मॅट नारिंगी लिपस्टिकवरही काम भागतं, मी कितीतरी जणींना तीच वापरायला लावते.

त्या दिवशी दाढी सकाळीच करून टाक. आधी कोमट पाण्याने तोंड शेकून घे, ब्लेड नवं घे. पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा आडवा. उलटा हात फिरवल्याने जास्त साफ होतं हे खरं, पण तुझे केस कुरळे असतील तर ते आत वळतात आणि दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या येतात. वरून तुरटी फिरवलीस तर ती धुऊन टाक, नाहीतर कातडी कोरडी पडते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. मेकअपच्या आधी हलकं, तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर लाव आणि दहा मिनिटं थांब. हे थांबणं फार जणी टाळतात. ओल्या चेहऱ्यावर रंग बसत नाही, सरकतो.

मग नारिंगी रंग बोटाच्या टोकावर अगदी थोडा घे आणि जिथे निळं दिसतं तिथेच लाव : वरच्या ओठावर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेने. चोळू नकोस. बोटाने टप टप करत बसव. आरशात चेहरा जरासा नारिंगी दिसेल, घाबरू नकोस. त्यावर चिमूटभर लूज पावडर पफने दाब. पफ दाबायचा आणि जागेवरच किंचित फिरवून उचलायचा, पुसल्यासारखा ओढायचा नाही. आता फाउंडेशन. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घे आणि तसंच टप टप करत एक पातळ थर दे. कमी वाटलं तर तेवढ्याच जागी दुसरा पातळ थर, आणि पुन्हा पावडर. हात घसरून खालचा नारिंगी वर आला की सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथे घाई नको. आणि फाउंडेशनचा रंग हातावर लावून निवडू नकोस. जबड्यापासून मानेपर्यंत एक रेघ ओढ, दुकानाबाहेर उन्हात जाऊन बघ. जो रंग दिसेनासा होतो तो तुझा.

तपकिरी पट्ट्यांनी चेहरा राकट का झाला, तेही सांगते. त्या व्हिडिओतल्या मुली गोल चेहऱ्याला कोरीव करत असतात. गालाखाली खोल, तिरपी रेघ आली की हाडं उठून दिसतात. तुला नेमकं उलट हवं आहे. गडद रंग लपवतो, उजळ रंग पुढे आणतो. तेव्हा गडद रंग तुझ्या चेहऱ्यावर कडेला जाऊ दे : कानाच्या खाली जबड्याचा जो कोपरा आहे त्याच्या मागे आणि खाली, आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत. कोपऱ्यांत केस मागे गेले असतील तर केसांच्याच रंगाची मॅट आयशॅडो ब्रशने टिपत केसांच्या मुळांशी मिसळ, कपाळाची चौकट लगेच मऊ होते. हा गडद रंग तुझ्या कातडीपेक्षा दोनच छटा खोल आणि राखेकडे झुकणारा असावा. लालसर तपकिरी घेतलास तर सावली दिसणार नाही, डाग दिसेल.

उजेड मधे आण. गालाच्या वरच्या भागावर, डोळ्याच्या कडेखाली थोडा उजळ रंग. लाली हसून गाल वर येतात तिथून सुरू कर आणि कानाच्या वरच्या टोकाकडे विरत ने. एवढ्यानेच चेहऱ्याचं वजन खालून वर सरकतं. लाली फारच उपयोगाची आहे आणि नवशिक्या मुली तिला सगळ्यात कमी वेळ देतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

भुवयांवरच्या हाडाला चमकदार काही लावू नकोस. शिमर लागला की हाड आणखी पुढे येतं. भुवयांच्या अगदी वर, मधल्या भागात, मॅट तपकिरीचा पुसट हात पुरे. ऑफिसात अजून सांगितलेलं नाहीस, म्हणून पार्लरमध्ये जाऊन बारीक कमान करून घेऊ नकोस, पुन्हा वाढायला महिने लागतात. फक्त खालच्या बाजूचे विस्कटलेले केस काढायला सांग. त्या दिवशी पारदर्शक जेलने, नाहीतर ओल्या ब्रशवर साबण घासून, भुवयांचे केस वर विंचर. डोळा आणि भुवई यांच्यातली जागा जितकी मोकळी दिसेल तितका डोळा उघडतो. कमानीचं टोक बाहेरच्या बाजूला येऊ दे, शेपूट पेन्सिलने बारीक कर. चेहरा धुतला की सोमवारी ऑफिसला जायला तू मोकळी.

खालच्या पापणीत काजळ भरभरून घालायची आपल्याकडे सवय आहे, पण खोल डोळ्यांना ते जड करतं. वरच्या पापणीच्या मुळाशी बारीक रेघ ओढ, शेवटी जराशी वर उचल, आणि मस्कारा. ओठांचं असं की नाक आणि वरचा ओठ यांच्यातलं अंतर पुरुषी चेहऱ्यात बहुधा जास्त असतं. लिप लायनरने वरच्या ओठाच्या मधल्या खाचेवरची रेघ केसभर वरून काढ, फक्त मधेच. कडांपर्यंत बाहेरून नेलीस तर लगेच कळून येतं. गडद मरून ओठ बारीक दाखवतो. मातकट गुलाबी किंवा विटकरी घे, काळ्या साडीवर छान उठेल.

टिकली मध्यम, भुवयांच्या मधोमध किंचित वर. नथ घालणार असशील तर जरूर घाल. ती नजर चेहऱ्याच्या मधे धरून ठेवते आणि वरच्या ओठाची लांबीही झाकते. कानात कुड्या घाल. जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत लोंबणारे झुमके नकोत, ते तिथेच बोट दाखवतात. केस चापून मागे बांधू नकोस, कानापुढे दोन बटा सैल राहू देत.

एक शेवटचं. हळदीकुंकू संध्याकाळी आहे, म्हणजे डोक्यावर ट्यूबलाइट असणार. वरून पडणाऱ्या उजेडात भुवयांचं हाड आणि दाढीची जागा दोन्ही ठळक होतात. तालीम खिडकीतल्या उन्हात कर, पण एकदा ट्यूबखाली उभी राहून आरसा बघ. पर्समध्ये टिपकागद आणि कॉम्पॅक्ट ठेव. वरच्या ओठावर घाम आला तर आधी टिपायचं, मग पावडर. आणि तिळगूळ खाल्ल्यावर लिपस्टिक पुन्हा लाव.

प्रश्न : मॅडम, माझं मूल १९ वर्षांचं आहे. गेल्या वर्षी तिने मला सांगितलं की ती मुलगी आहे. मला समजून घ्यायला वेळ लागला, पण आता मी तिच्या बरोबर आहे. तिने मैत्रिणीच्या सांगण्यावरून चेहऱ्याला कसलीशी गोरं करणारी ट्यूब लावली. आता गाल लाल होतात, बारीक पुरळ येतं, दाढीची जागा चुरचुरते. मेकअपचं सामान काय आणून देऊ? दाढीसाठी लेझर करावं का?
(नाशिकहून एक आई)

उत्तर : तुम्ही तिच्यासाठी हे पत्र लिहिलंत, याचा मला फार आनंद झाला. पण सामान थोडं थांबू दे. आधी ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गोरं करणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं. पाकिटावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलंय का बघा. याने चेहरा सुरुवातीला उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल राहते, पुरळ येतं, उलट चेहऱ्यावर केसही वाढू शकतात. आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केली तर चेहरा भडकतो. म्हणून कशी थांबवायची तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या. बाई दिसण्यासाठी गोरं दिसावं लागतं, हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं असेल तर ते मात्र तुम्हीच काढा. ते आईच्याच तोंडून तिला पटेल.

लेझर काळ्या केसांवर चालतं, कारण त्याचा प्रकाश केसातला काळा रंग पकडतो. पांढऱ्या केसांवर ते चालत नाही, तिथे विजेच्या सुईने एकेक मूळ जाळणारं इलेक्ट्रोलिसिस लागतं. कातडी सावळी असेल तर डॉक्टरांना मशीन कोणतं ते विचारा. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग आपल्यासारख्या कातडीला भाजण्याचा धोका कमी ठेवतं. एका बैठकीत होत नाही, आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच बैठका घ्याव्या लागतात. मधल्या काळात दाढी करायला हरकत नाही, पण थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा चिमट्याने उपटणं नको, कारण लेझरला मूळ जागेवर लागतं. चेहरा लाल असताना तर लेझर करूच नका.

कातडी शांत झाली की आणा : नारिंगी करेक्टर, तिच्या रंगाचं एक फाउंडेशन, लूज पावडर, लाली, मस्कारा, दोन स्पंज आणि उतरवण्यासाठी खोबरेल. नवीन वस्तू आधी कानामागे लावून दोन दिवस बघा. स्पंज रोज साबणाने धुऊन वाळवा, दाढीनंतरच्या कातडीवर मळका स्पंज म्हणजे पुटकुळ्यांना आमंत्रण.

प्रश्न : मी सांगलीच्या कॉलेजात आहे. एकांकिकेत वहिनीचं काम करतोय. मला रोजच्या आयुष्यात असं दिसायचं नाही, फक्त रंगमंचावर. तुम्ही वर सांगता तोच मेकअप चालेल का? घरी आजोबांची जुनी रंगपेटी आहे, तीही वापरू का?

उत्तर : मूळ तेच, जोर वेगळा. स्टेजवरचे दिवे रंग खातात, म्हणून लाली, भुवया आणि ओठ घरी भडक वाटतील इतके हवेत. तालमीला कुणालातरी शेवटच्या रांगेत बसवून विचार. दाढीसाठी नारिंगी रंग आणि त्यावर घट्ट स्टिक फाउंडेशन, पावडर भरपूर.

पेटी जपून ठेव, पण त्यातलं चेहऱ्याला काही लावू नकोस. जुन्या नाटकमंडळींचे रंग सफेदा, पिवडी, हिंगूळ असे असत, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग.

आणि वहिनी नुसती रंगवू नकोस. बालगंधर्व (जन्म १८८८) रंगमंचावर बायकांची कामं करत. त्यांची साडी नेसण्याची आणि अंबाड्याची पद्धत त्या काळच्या घराघरांतल्या बायकांनी उचलली, ती त्यांच्या वावरण्यामुळे. पदर सावरताना, पाटावर बसताना, दारातून आत येताना हात कुठे जातो, हे तुझ्या घरातल्या बायकांकडे बघून शीक. आणि पात्राची टिंगल होईल असं एकही वळण घेऊ नकोस. समोर बसलेल्यांत माझ्यासारखी कुणी असेल.

प्रश्न : गळ्याचा कंठमणी कसा लपवू? (लातूर)

उत्तर : मेकअपने फारसा लपत नाही, गळा हलला की सावली हलते. त्यावर अगदी पुसट गडद रंग, आणि उजळ काहीही नको. दागिन्याने मात्र काम होतं. ठुशी बऱ्याचदा कंठमण्याच्या खालीच बसते. चिंचपेटी घे, ती गळ्याला वर घट्ट बसते. मागचा दोरा बांधताना मान सरळ ठेव आणि एकदा घोट गिळून बघ. गळ्यावर दाब वाटला तर दोरा थोडा सैल करायचा.